रीसेट दाबला म्हणून एसडीरॅम रीसेट होत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: एसटी कंपनीच्या एसटीएम३२एफ४२९ डिस्कव्हरी या मायक्रोकंट्रोलर बोर्डावरची ८ एमबी एसडीरॅम (मायक्रोकंट्रोलरबाहेरची मेमरी चिप) स्क्रीनच्या फ्रेमबफरसाठी, म्हणजे स्क्रीनवरचं चित्र साठवायला, वापरायची आहे. काल दिवसभर सगळं व्यवस्थित चाललं. आज सकाळी केबल लावली, तर स्क्रीनवर नुसते रंगीत पट्टे. एसटीचा डेमो टाकला तर तो चालला, आणि त्यानंतर तोच जुना प्रोग्रॅम परत टाकला तर तोही चालला! मग बोर्ड खराब आहे का? शिवाय एक मोठा ॲरे एसडीरॅममध्ये ठेवला की प्रोग्रॅम मेन या मुख्य फंक्शनपर्यंत पोचायच्या आधीच हार्डफॉल्टमध्ये जातो, म्हणजे प्रोसेसर चूक पकडून थांबतो.

बोर्ड बहुधा ठणठणीत आहे. तुम्ही दिलेल्या कोडमध्ये एक ओळ कॉमेंट केलेली दिसते, मेमरी चिपला द्यायच्या लोड मोड रजिस्टर या आज्ञेची. शेजारी तुम्हीच लिहिलंय, «गरज नाही, याशिवायही चालतं». सगळी गोम तिथे आहे. तुम्ही ती ओळ काढून पाहिलीत, प्रोग्रॅम चालला, म्हणून ती अनावश्यक ठरवलीत. असं करून बघण्यात काही चूक नाही, पण तुमचा तो प्रयोग तुम्हाला न कळत फसला होता.

एसडीरॅमच्या चिपला रीसेटची पिनच नसते. काळं बटण दाबलं किंवा डिबगरने नवा प्रोग्रॅम टाकला, की रीसेट होतो तो मायक्रोकंट्रोलर. शेजारची मेमरी चिप त्या वेळी वीज खात तशीच बसलेली असते. तिच्या आत एक छोटं मोड रजिस्टर असतं. वाचायची आज्ञा मिळाल्यावर किती क्लॉकनंतर डेटा बाहेर द्यायचा, एका आज्ञेत किती शब्द द्यायचे, हे त्यात लिहिलेलं असतं. आधीच्या प्रोग्रॅमने तिथे जे लिहिलं ते वीज जाईपर्यंत टिकतं. म्हणजे काल दिवसभर तुमचा प्रोग्रॅम आधीच्या एखाद्या प्रोग्रॅमने, बहुधा एसटीच्या डेमोने, घातलेल्या मोडवर चालला होता. रात्री केबल काढली, ते रजिस्टर पुसलं गेलं. सकाळी चिप उठली ती कुठल्याही अवस्थेत उठली असेल. वीज आल्यावर मोड रजिस्टरमध्ये काय असेल याची हमी डेटाशीट देत नाही.

म्हणून माझा एक नियम आहे. बाहेरच्या मेमरीचा कोड बदलला की रीसेटवर विश्वास ठेवायचा नाही. केबल काढायची, दहापर्यंत आकडे मोजायचे, मग परत लावायची. सिरीयल ॲडॅप्टर जोडलेला असेल तर तोही काढायचा, कारण त्याच्या टीएक्स तारेतून बोर्डात थोडी वीज झिरपत राहते आणि चिप धड झोपत नाही, धड जागीही नसते. त्या अवस्थेत केलेली चाचणी धरायची नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. «एसडीरॅम सेट करणे» असं आपण एका दमात म्हणतो, पण ती दोन वेगळी कामं आहेत. मायक्रोकंट्रोलरच्या आतला एफएमसी (बाहेरची मेमरी हाताळणारा) कंट्रोलर तयार करणं हे पहिलं. बाहेरच्या चिपला तिच्या ठरलेल्या क्रमाने जागं करणं हे दुसरं. क्यूबएमएक्स या एसटीच्या कोड बनवणाऱ्या साधनात खुणा करून कोड बनवला की पहिलं काम होतं: पिना, टायमिंग, रकान्यांची संख्या वगैरे. दुसरं काम ते तुमच्यासाठी करत नाही, आणि नवशिक्या तिथेच अडकतो, कारण कोड बिनतक्रार कंपाइल होतो आणि इनिट फंक्शन «ओके» परत देतं. ते ओके फक्त रजिस्टरं लिहिली गेली एवढंच सांगतं. बाहेर मेमरी आहे की नुसतं रिकामं सोल्डर पॅड आहे, हे त्याला ठाऊक नसतं.

चिपला जागं करायचा क्रम असा. आधी क्लॉक चालू करायची आज्ञा. मग किमान १०० मायक्रोसेकंद थांबायचं; मी सरळ १ मिलिसेकंद थांबतो, एवढ्याने कुणाचं काही बिघडत नाही. मग चिपच्या आतल्या सगळ्या बँकांना (मेमरीच्या भागांना) प्रीचार्ज, म्हणजे उघड्या ओळी बंद करायची आज्ञा. मग काही ऑटो-रीफ्रेश, म्हणजे ओळी पुन्हा भरायच्या आज्ञा. निदान दोन हवेत, मी आठ देतो. मग लोड मोड रजिस्टर, आणि सगळ्यात शेवटी रीफ्रेशचा आकडा. तुमच्या बाबतीत मोडची किंमत हेक्स २३० येते: कॅस लेटन्सी (वाचायच्या आज्ञेनंतर डेटा येईपर्यंतचे क्लॉक) ३, बर्स्ट लांबी (एका आज्ञेतले शब्द) १, लेखन एकेका शब्दाचं. इथली कॅस लेटन्सी आणि कंट्रोलरच्या सेटिंगमधली कॅस लेटन्सी एकच हवी. एकीकडे २ आणि दुसरीकडे ३ असेल, तर कंट्रोलर चुकीच्या क्षणी बसवर बघतो आणि तुम्हाला शेजारच्या खणातला किंवा तरंगता डेटा मिळतो.

एसटीचं हॅल (तयार कोडचा संच) न वापरता थेट रजिस्टरं लिहिणाऱ्यांसाठी दोन खड्डे सांगून ठेवतो, कारण दोन्हींत मी पडलो आहे. या बोर्डावर मेमरी एफएमसीच्या दुसऱ्या एसडीरॅम बँकेवर आहे (ही कंट्रोलरची बँक, चिपच्या आतल्या बँका वेगळ्या), म्हणून तिचा पत्ता हेक्समध्ये डी आणि पुढे सात शून्ये. साहजिकच आपण सगळं दुसऱ्या बँकेच्या रजिस्टरांत लिहितो. पण क्लॉकचा भागाकार, रीड बर्स्ट आणि रीड पाइप ही सेटिंगं दोन्ही बँकांना सामाईक आहेत आणि ती पहिल्या बँकेच्या एसडीसीआर१ मध्येच वाचली जातात. टायमिंगपैकी टीआरपी (ओळ बंद करायला लागणारा वेळ) आणि टीआरसी (एक ओळ उघडल्यापासून पुढची उघडेपर्यंतचा वेळ) तशीच एसडीटीआर१ मध्ये. दुसरीत लिहिलेल्यांकडे कंट्रोलर ढुंकूनही बघत नाही. दुसरा खड्डा आज्ञेच्या रजिस्टरात आहे. आज्ञा कोणत्या बँकेसाठी हे सांगणारे दोन बिट तिथे उलट्या क्रमाने आहेत: बिट ३ दुसऱ्या बँकेचा, बिट ४ पहिल्या बँकेचा. चुकीचा बिट लावलात तर सगळ्या आज्ञा दिमाखात निघतात आणि भलत्याच दाराशी जाऊन थांबतात. हॅल हे दोन्ही सांभाळून घेतं, तिथे फक्त टार्गेट म्हणून दुसरी बँक द्यायला विसरू नका.

इथे कुणीतरी विचारेल, की पहिली बँकच का वापरू नये? कारण बोर्डावर तारा दुसरीच्या ओढलेल्या आहेत: चिप सिलेक्ट पीबी६ वर, क्लॉक एनेबल पीबी५ वर. पहिल्या बँकेचा चिप सिलेक्ट पीसी२ वर येतो, आणि या बोर्डावर पीसी२ ला स्क्रीनचा स्वतःचा चिप सिलेक्ट जोडलेला आहे. मेमरी तर मिळत नाहीच, वर स्क्रीनही रुसते.

आता आकडे. हे माझ्याकडून उतरवून घेऊ नका, स्वतः काढा. एकदा काढलेत की दुसऱ्या बोर्डावरही जमेल. बोर्डावरची चिप आयएस४२एस१६४००जे आहे. ४०९६ ओळी, २५६ रकाने, ४ बँका, प्रत्येक खण २ बाइटचा. गुणाकार करा, बरोबर ८ एमबी. म्हणून ओळींचे बिट १२, रकान्यांचे ८. मायक्रोकंट्रोलर १८० मेगाहर्ट्झवर चालवलात आणि एसडीरॅमला त्याच्या निम्मं दिलंत तर ९० मेगाहर्ट्झ, म्हणजे एक क्लॉक ११.११ नॅनोसेकंदांचा. डेटाशीटमध्ये टीआरएएस (ओळ किमान किती वेळ उघडी ठेवायची) ४२ नॅनोसेकंद. ४२ भागिले ११.११ म्हणजे ३.७८, वर ढकलून ४. टीआरपी १५ नॅनोसेकंद, म्हणजे १.३५, वर ढकलून २, टीआरसीडीही (ओळ उघडल्यावर रकाना मागेपर्यंतचा वेळ) २. टीआरसी ६३ धरलं तर ६. नेहमी वरच ढकलायचं, जवळचा पूर्णांक घ्यायचा नाही. १.३५ चा १ करून बसलेला कोड मी पाहिला आहे, आणि तो टेबलावर चालतही होता.

टीडब्ल्यूआरला (लेखनानंतर ओळ बंद करेपर्यंतचा वेळ) आणखी एक अट आहे, ती डेटाशीटमध्ये सापडणार नाही, मायक्रोकंट्रोलरच्या रेफरन्स मॅन्युअलमध्ये आहे. तो टीआरएएस वजा टीआरसीडी यापेक्षा कमी नको, आणि टीआरसी वजा टीआरसीडी वजा टीआरपी यापेक्षाही कमी नको. वरच्या आकड्यांत दोन्ही वजाबाक्या २ येतात, म्हणून २ चालतो. सुरक्षित म्हणून टीआरसी ७ केलात तर टीडब्ल्यूआर ३ करावा लागेल. एक आकडा सैल केला की दुसरा आपोआप सुरक्षित राहील असं धरून चालू नका.

रीफ्रेश हा विषय मात्र नीट समजून घ्या. एसडीरॅमचा प्रत्येक बिट म्हणजे गळकी घागर. ६४ मिलिसेकंदांत सगळ्या ४०९६ ओळी एकदा भरून निघाल्या पाहिजेत, म्हणजे एका ओळीला १५.६२ मायक्रोसेकंद. ९० मेगाहर्ट्झला त्याचे १४०६ क्लॉक होतात. त्यातून २० वजा करायचे, कारण वाचन नुकतंच सुरू झालेलं असताना रीफ्रेशची वेळ आली तर कंट्रोलरला थोडी सवड हवी. उत्तर १३८६. एसटीच्या उदाहरणांत हाच आकडा दिसतो आणि लोक तो डोळे मिटून उतरवतात. पण तो ९० मेगाहर्ट्झचा आहे. क्लॉक बदलला की आकडा बदललाच पाहिजे.

यात माझं एकदा चांगलंच नाक कापलं गेलं. एका यंत्राच्या पॅनेलसाठी याच घराण्यातला मायक्रोकंट्रोलर आणि अशीच मेमरी वापरली होती. वीज वाचवायला क्लॉक निम्म्यावर आणला आणि १३८६ तसाच राहिला. ओळी ६४ ऐवजी १२८ मिलिसेकंदांनी भरल्या जाऊ लागल्या. ऑफिसच्या एसीत काहीच झालं नाही, कारण थंडीत घागर फार हळू गळते आणि डेटाशीटचा आकडा सगळ्यात वाईट परिस्थितीसाठी दिलेला असतो. मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात बसवलेल्या पॅनेलवर दुपारी तीननंतर पांढरे ठिपके यायला लागले, संध्याकाळी आपोआप जायचे. ग्राहक म्हणाला, उष्णतेने स्क्रीन खराब होते. आम्ही दोन स्क्रीन बदलल्या! शेवटी टेबलावर केस वाळवायचं ड्रायर मेमरीवर धरलं, तेव्हा अर्ध्या मिनिटात ठिपके हजर. तेव्हापासून रीफ्रेशचा आकडा मी हाताने लिहीत नाही, चालू क्लॉकवरून कोडच तो काढतो.

आता चाचणी कशी करायची. तुम्ही पहिल्या पत्त्यावर एक किंमत लिहून लगेच वाचता आणि जुळली की पुढे जाता. याने जवळजवळ काहीच सिद्ध होत नाही. बसच्या तारांवर थोडा वेळ आधीचा चार्ज राहतो, कंट्रोलरमध्येही लेखनाचा छोटा साठा असतो. मेमरी नसली तरी तुम्ही लिहिलेलंच तुम्हाला परत मिळू शकतं. शिवाय पॉइंटर व्होलाटाइल नसेल तर कंपायलर बाहेर न जाताच उत्तर देईल.

मी चार गोष्टी तपासतो. एकाच पत्त्यावर एकेक बिट सरकवत सोळा किंमती लिहायच्या, प्रत्येक वेळी मध्ये दुसऱ्या पत्त्यावर उलटी किंमत लिहून बस झटकायची. याने डेटाच्या तारा कळतात. दुसरी, पूर्ण ८ एमबीभर प्रत्येक खणात त्याच्या पत्त्यावरून काढलेली किंमत लिहायची, आणि सगळं लिहून झाल्यावरच वाचायला सुरुवात करायची. दर वेळी त्यात नवीन आकडा मिसळा, नाहीतर मागच्या खेपेचा शिळा डेटा तुम्हाला पास करून जाईल. तिसरी, एकच बाइट लिहून शेजारचा बाइट शाबूत आहे का ते बघायचं. पीई० आणि पीई१ या बाइट निवडणाऱ्या पिना राहून गेल्या तर सोळा बिटांचं लेखन चालल्यासारखं वाटतं आणि मेमसेटसारखी बाइटची कामं शेजाऱ्याला बुडवतात. चौथी, सगळं भरून निदान मिनिटभर हात न लावता थांबायचं आणि मग वाचायचं. ही रीफ्रेशची परीक्षा. आणि या चारही केबल काढून-लावून.

दुसऱ्या चाचणीत चूक निघाली तर ती किती अंतरावर निघते ते बघा, तेच निदान असतं. समजा रकान्यांचे बिट ८ ऐवजी ९ दिलेत. कंट्रोलर नववा बिट पाठवतो, चिप तो ऐकतच नाही. मग पत्ता ० आणि पत्ता ५१२ एकाच खणात जाऊन पडतात. फ्रेमबफरमध्ये हे थेट दिसतं: २४० पिक्सेलची एक ओळ ४८० बाइटची, त्यामुळे चित्र सुमारे एका ओळीने स्वतःवरच चढतं, थोडं तिरकं होऊन. ओळींचे बिट १३ दिलेत तर हीच गंमत २ एमबीच्या अंतरावर होते, आणि ती स्क्रीनवर दिसणारच नाही, कारण एक फ्रेम जेमतेम १५० केबीची असते. मग सहा महिन्यांनी दुसरा बफर तिथे ठेवाल तेव्हा कळेल.

हार्डफॉल्टचं कारण वेगळं आहे. तुमच्या ॲरेला सुरुवातीच्या किंमती दिल्या आहेत. त्या फ्लॅशमधून उचलून ॲरेत भरायचं काम मेनच्या आधी स्टार्टअप कोड करतो. त्या वेळी एफएमसीला क्लॉकसुद्धा मिळालेला नसतो, तुमचा इनिट तर मेनमध्ये आहे. बंद दारावर धडक बसते आणि फॉल्ट येतो. सोपा उपाय असा: लिंकर स्क्रिप्टमध्ये (कोणती गोष्ट कुठल्या पत्त्यावर ठेवायची हे सांगणाऱ्या फाइलीत) एसडीरॅमचा वेगळा विभाग करा, त्याला नोलोड (फाइलीत भरू नको अशी खूण) लावा, आणि तिथे सुरुवातीची किंमत नसलेल्याच गोष्टी ठेवा. बफर, लॉग, चित्रं उघडायची जागा, बस्स. त्या शून्य असतील हेही गृहीत धरू नका, स्वतः पुसा. नोलोड विसरलात तर आणखी एक मजा होऊ शकते: ऑब्जकॉपी हे बिन फाइल काढणारं साधन फ्लॅशच्या पत्त्यापासून एसडीरॅमच्या पत्त्यापर्यंतची सगळी पोकळी भरून ३ जीबीहून मोठी बिन फाइल बनवतं. माझ्या एका ज्युनिअरचा लॅपटॉप असाच भरला होता, बिचारा अँटीव्हायरसला शिव्या देत होता.

किंमती असलेले ॲरे तिथे हवेतच, असं असेल तर एसडीरॅमचा इनिट सिस्टमइनिट या मेनच्या आधी चालणाऱ्या फंक्शनमध्ये न्यावा लागतो. एसटीच्या फाइलीत त्यासाठी मॅक्रोही आहे. पण मग दोन गोष्टी बघा. तुमच्या स्टार्टअप फाइलीत सिस्टमइनिट डेटा भरण्याच्या आधी बोलावलं जातं की नंतर, कारण जीसीसी कंपायलरच्या जुन्या फाइलींत ते नंतर होतं. आणि त्या क्षणी मायक्रोकंट्रोलर अजून आतल्या १६ मेगाहर्ट्झवर असतो, म्हणजे एसडीरॅमला ८ मिळतात. १५.६२ मायक्रोसेकंदांचे तिथे १२५ क्लॉक होतात, २० वजा करून १०५. तिथे १३८६ लिहिलंत तर पूर्ण क्लॉक येईपर्यंत घागरी गळत राहतील. क्लॉक वाढवल्यावर आकडा परत लिहा. तुमच्या कामाला एवढ्या उपद्व्यापाची गरज मला दिसत नाही.

इथवर जे सांगितलं ते याच बोर्डापुरतं. एफ७४६ डिस्कव्हरीसारखा कॉर्टेक्स-एम७ चा बोर्ड असेल तर क्रम हाच, पण दोन गोष्टी वाढतात. एसडीरॅमचा पत्ता मुळात डिव्हाइस प्रकारच्या विभागात येतो, त्यामुळे चारच्या पटीत नसलेल्या पत्त्यावरून शब्द वाचला की एम७ फॉल्ट देतो. एमपीयूमध्ये (मेमरीच्या भागांचे नियम ठरवणाऱ्या घटकात) तो भाग नॉर्मल म्हणून सांगावा लागतो. आणि तसं केल्यावर डेटा कॅश (प्रोसेसरजवळचा तात्पुरता साठा) मध्ये येते, म्हणजे प्रोसेसरने लिहिलेलं स्क्रीनला दिसण्याआधी कॅश साफ करणं आलं. तुमच्या एम४ ला डेटा कॅश नाही, तेवढी सुटका. एसडीरॅममधून कोड चालवायचा विचार असेल तर मात्र हा विभाग मुळात कोडला मनाईचा आहे, तिथे तुम्हालाही एमपीयू किंवा पत्त्यांची अदलाबदल करावी लागेल.

मुळात एसडीरॅम हवी का, हे तुमच्या कामावर ठरेल. १६ बिट रंगाचा एकच बफर १५० केबीचा. तो आतल्या १९२ केबी सलग रॅममध्ये बसतो, फक्त बाकीच्या प्रोग्रॅमला ४२ केबी उरतात. ६४ केबीची सीसीएम ही रॅम वेगळी आहे, पण स्क्रीनच्या कंट्रोलरला ती दिसत नाही. तुम्हाला दोन बफर हवेत, म्हणजे ३०० केबी, तेव्हा एसडीरॅमला पर्याय नाही. वेगाची चिंता करू नका: सेकंदाला ६० वेळा स्क्रीन ताजी करायला सुमारे ९.२ एमबी लागतात, आणि ही बस कागदावर तरी १८० एमबीची आहे.

आता आधी ती कॉमेंट केलेली ओळ परत चालू करा. ॲरेच्या सुरुवातीच्या किंमती काढा. केबल काढून, दहा मोजून, परत लावा आणि पत्त्यांची चाचणी पूर्ण ८ एमबीवर चालवा. तरीही चूक आली तर पहिली चूक कोणत्या पत्त्यावर आली, तिथे काय अपेक्षित होतं आणि काय मिळालं, हे तीन आकडे इथे टाका. स्क्रीनचा फोटो नको, त्यावरून काही कळत नाही.